‘कुठले तुम्ही?’ : नाशिक जिल्ह्यातल्या प्रगणकांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातले सर्व प्रगणक आणि पर्यवेक्षक

मित्रमैत्रिणींनो,

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेसाठी तुम्ही दारोदार फिरणार. बोर्डाच्या परीक्षा त्याच दिवसांत, शाळेत पोर्शन उरलेला, आणि वर हे काम. तुमची चिडचिड मला कळते. १९९१ आणि २००१ ला मी प्रगणक होतो, २०११ ला पर्यवेक्षक. २०२२ ला निवृत्त झालो, त्यामुळे या खेपेला माझ्या नावाने आदेश निघायचा नाही. सोळा वर्षांनी होणाऱ्या या जनगणनेत मी नुसता मोजला जाणार आहे. तेव्हा हे पत्र एका मोजून घेणाऱ्या माणसाचं समजा. आणि एका चुकलेल्या प्रगणकाचंही.

पहिली चूक माझ्याच घरातली. १९९१ ला आमचा गट, म्हणजे एका प्रगणकाला नेमून दिलेली घरं, एका सहकाऱ्याकडे होता. तो ओट्यावर बसला, मी चहा सांगितला आणि घरातल्या सगळ्यांची उत्तरं मीच देऊन टाकली. मातृभाषेपाशी तो थांबलाही नाही. ‘मराठी ना सर?’ ‘हो, मराठीच.’ आई आतल्या दारात शेंगा फोडत बसली होती. तो गेल्यावर म्हणाली, ‘मी मराठी बोलस का रे?’

आम्ही मूळचे बागलाणातले. आईनं जन्मात अहिराणीशिवाय दुसरं काही धड बोललं नाही. नाशिकच्या भाजीबाजारातही ती अहिराणीतच घासाघीस करायची आणि दोन रुपये कमी करून आणायची. सूचना पुस्तिकेत मातृभाषेची व्याख्या अगदी सरळ आहे: लहानपणी आई जी भाषा बोलायची ती. म्हणजे त्या रकान्यात माझी स्वतःची भाषासुद्धा अहिराणीच लिहायला हवी होती. २०११ च्या तक्त्यात खान्देशी या नावाखाली साधारण १८.६ लाख माणसं आहेत, अहिराणी त्यातच धरलेली. हा आकडा वाचला की मला शेंगा फोडणारी आई दिसते. शिक्षकाच्या घरात ही गत, तर बाकीच्यांचं काय झालं असेल?

आता मूळ मुद्द्यावर येतो.

लोकसंख्येच्या तक्त्यात माणसाला दोन ठिकाणी उभं करतात. एक, तो राहतो कुठे: शहरात की खेड्यात. दुसरं, तो आहे कुठला: कोणत्या देशातला, राज्यातला, कोणत्या भाषेचा. पहिलं तुम्ही दार वाजवण्याआधीच ठरलेलं असतं. तुमचा प्रगणन गट शहरी चार्जात (जनगणनेच्या कामाच्या विभागात) आहे की ग्रामीण, यात तुम्हाला मत नाही. दुसरं मात्र बहुतांशी तुमच्या बोटात आहे, पूर्वी पेनच्या टोकात होतं, आता मोबाइलच्या पडद्यावर. आणि पहिल्यात जो घोळ आहे तो निस्तरायचा थोडाफार मार्गही दुसऱ्यातूनच जातो. म्हणून हा पत्रप्रपंच.

घोळ काय ते सांगतो. २०११ ला देशात ३१.२ टक्के लोक शहरी निघाले, महाराष्ट्रात ४५.२, आपल्या जिल्ह्यात ६१ लाखांपैकी साडेबेचाळीस टक्के. आकडे नीटनेटके दिसतात. पण मखमलाबादच्या मळ्यात जा. द्राक्षाची बाग, गोठ्यात म्हशी, विहिरीवर मोटर, घरातली चारही माणसं शेतात. हे कुटुंब शहरी, कारण गाव महापालिकेत. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून १९८२ ला महापालिका झाली, तेव्हापासून हे मळे शहरात आहेत. हद्द ओलांडून पुढच्या ग्रामपंचायतीत गेलात तर लिफ्टवाल्या इमारती, खाली पार्किंग, सकाळी अंबडच्या कंपनीची बस. ते कुटुंब ग्रामीण. मध्ये एखादा नाला असतो, तेवढंच अंतर.

शहर ठरवायच्या दोन वाटा आहेत. सरकारने महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटकमंडळ जाहीर केलं की ते शहर. मग तिथे किती माणसं राहतात आणि काय धंदा करतात हे कोणी विचारत नाही. २०१५ च्या सुमारास आपल्याकडे पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण, देवळा, निफाड इथल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. पाटी बदलली आणि माणसं शहरी झाली. दुसरी वाट जनगणना खात्याची स्वतःची, ‘जनगणना शहर’ म्हणतात ते. लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेतीत. अशी शहरं २००१ ला देशात १,३६२ होती, २०११ ला ३,८९४ झाली. कारभार ग्रामपंचायतीचा, तक्त्यात मात्र शहर. कचरा, गटार, पाणी सगळं सरपंचाच्या गळ्यात.

‘पुरुषांपैकी’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. आपल्याकडे द्राक्षाची विरळणी, कांद्याची लागण, खुडणी, निवडणी ही कामं कोण करतं? गावातले पुरुष ओझरला, पिंपळगावला, सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला गेले आणि शेती बायांवर आली, की व्याख्येप्रमाणे गाव बिगरशेतीचं झालं! शेतात राबणाऱ्या बायका त्या हिशेबात नाहीतच. ही व्याख्या बदलणं तुमच्या हातात नाही. पण बाईच्या नावापुढे कामाच्या रकान्यात नवऱ्याने सांगितलं म्हणून ‘घरकाम’ लिहू नका, हे हातात आहे. तिला विचारा. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असेल तर ती मुख्य कामगार. विरळणीपासून तोडणीपर्यंतचे महिने मोजायला लावा, बोटं पुरत नाहीत. जाता जाता एक: नवऱ्याचं नाव घ्यायला बाई अडली तर ताणू नका. १९४८ च्या जनगणना कायद्यानेच तिला ती सूट दिलेली आहे. नाव शेजारीण सांगते, हसत हसत.

आता द्राक्षाचं. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे ऐन तोडणी. मोजणी नेमकी त्याच महिन्यात येते, दिल्लीत बसून तारीख ठरवणाऱ्याला निफाडचा हंगाम काय ठाऊक! पेठ-सुरगाण्याचे पाडे त्या वेळी अर्धे रिकामे असतात. टोळ्या मुकादमाची उचल घेऊन दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरलेल्या. आजवरचा नियम असा, की नेहमीच्या घरी मोजणीच्या काळात माणूस एखादा दिवस जरी असला तर त्याला तिथे धरायचं. पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. म्हणजे पाड्यावरच्या प्रगणकाने त्याला वगळायचं आणि बागेतल्या प्रगणकाने घ्यायचं. पाड्यावरचा वगळतो, ते काम सोपं आहे. बागेतला येतो दुपारी. झोपडीला कुडाचं दार ओढलेलं, आत कोणी नाही, तो पुढे जातो.

२००१ ला माझ्याकडे निफाड तालुक्यातला एक गट होता. एका बागेच्या बांधावर चौदा माणसांची टोळी, काळ्या प्लॅस्टिकची पालं, चुलीवर नागलीची भाकर. एक तान्हं पोर द्राक्षाच्या कॅरेटमध्ये साडी अंथरून निजवलेलं. दिवसभर मी चाळीस घरं केली होती. मुकादमाला समोर बसवलं आणि चौदा जणांची माहिती त्याच्या तोंडून वीस मिनिटांत उरकली. वय? ‘लिवा पंचवीस.’ जन्म? ‘सगळी सुरगाण्याची.’ भाषा? त्याने ‘कोकणी’ म्हटलं, मी शहाणपणाने ‘मराठी’ लिहिलं, कारण मला वाटलं कोकणी म्हणजे रत्नागिरीकडची, हे लोक कुठले तिकडचे!

तो कोकणा आदिवासी होता. त्याच्या बोलीचं नाव कोकणीच, कोणी डांगी म्हणतं. आता तुम्ही नुसतं ‘कोकणी’ लिहिलंत तर वर बसलेल्याला ती गोव्याची वाटण्याचा धोका आहे. तेव्हा ‘कोकणा’ की ‘कोकणी’ की आणखी काही, तो जसं म्हणतो तसं पूर्ण लिहा आणि एकदा वाचून दाखवा. भाषा कोणती आणि बोली कोणती याचा निवाडा आपल्याकडे दिलेला नाही. २०११ ला लोकांनी मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा केल्या आणि त्या १२१ भाषांखाली बसवल्या. गाळायचं काम करायला वर माणसं बसलेली आहेत. आपण दारातच गाळलं तर त्यांच्यापर्यंत काय पोचणार?

मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणीची फेरी असते. १ मार्चच्या ००.०० वाजेपर्यंत जन्मलेलं मूल वाढवायचं, वारलेला माणूस कमी करायचा. मी पुन्हा त्या बांधावर गेलो, या वेळी संध्याकाळी. टोळी परतलेली. दोन बाया आपसांत बोलत होत्या ते ऐकून मी विचारलं, माहेर कुठलं? दोघी डांगच्या. गुजरात. मुकादमाच्या ‘सगळी सुरगाण्याची’मध्ये दोन बायांनी लग्न करून राज्याची सीमा ओलांडली होती आणि माझ्या कागदावर त्या तालुक्याबाहेरही गेल्या नव्हत्या. २०११ ला देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित मोजले गेले, त्यात लग्नाने घर बदललेल्या बायांचा भरणा फार मोठा आहे. माहेर हा त्या तक्त्यातला सगळ्यात मोठा देश म्हणायचा. मी त्यातल्या दोघी खोडून, दुरुस्त करून लिहिल्या. त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, ती शेवटी सांगतो.

शहरातही तीच घाई निराळ्या रूपात दिसते. सातपूर-अंबडच्या खोल्यांमध्ये एका खोलीत सहा-सहा पोरं राहतात, पाळीत झोपतात. ‘कहां से?’ विचारलं की उत्तर येतं ‘आजमगढ’, ‘गोरखपूर’, ‘दरभंगा’. हे जिल्ह्याचं नाव आहे. आपण ते शहराचं समजून पूर्वीचं राहण्याचं ठिकाण ‘शहरी’ करून टाकतो. पोरगा आलेला असतो गावातून, जिथून बाजार आठ कोस लांब. खेड्यातून शहरात किती माणूस आला हे ज्या तक्त्यावरून कळायचं, त्या तक्त्यात तो शहरातून शहरात आलेला दिसतो. आपलंही तसंच आहे की. मुंबईत कोणी विचारलं तर चांदवडच्या वाडीवरचा माणूस ‘नाशिक’ सांगतो. एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: ‘गांव या शहर?’ पाच सेकंद लागतात. आणि ‘सुरगाणा’ म्हणणाऱ्यालाही तोच प्रश्न, कारण सुरगाणा गाव आता नगरपंचायत आहे आणि त्याचा पाडा तिथून दोन डोंगर पलीकडे.

मग आपला बहादूर. नाशिकच्या बहुतेक कॉलन्यांत एक असतो, रात्री शिट्टी मारत काठी आपटत फिरतो. २०११ ला माझ्या हाताखालच्या एका प्रगणकाने अख्खी सोसायटी मोजली आणि त्याला सोडला. विचारलं तर म्हणाला, ‘सर, तो नेपाळचा आहे, आपला नाही.’ मी त्याला घेऊन परत गेलो. जिन्याखालच्या खोलीत नवरा, बायको, दोन मुलं. मुलं महापालिकेच्या शाळेत. अकरा वर्षं तो तिथे राहत होता. जनगणना नागरिकांची नसते, इथे राहणाऱ्यांची असते. परदेशी वकिलातींची मंडळी वगळतात, बाकी कोणी नाही. नेपाळी माणसाला तर १९५० च्या करारानेच इथे राहायची, काम करायची मोकळीक आहे. जन्मस्थळ त्याने अछाम सांगितलं. फॉर्मवर परदेशाचं नुसतं नाव लिहायचं असल्याने ‘नेपाळ’ लिहिलं. मुलांचं नाशिक. नाव विचारलं तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी शेजारी उभे होते. त्यांनी ते अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, आणि ते बहादूर नव्हतं.

२०११ च्या जनगणनेच्या अनुसूचीत राष्ट्रीयत्वाचा प्रश्न नव्हता. १९५१ आणि १९६१ ला होता. २०१० ला घरयादीबरोबर राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं काम झालं, त्यात मात्र होता. लोकांच्या डोक्यात या दोन्हींची सरमिसळ आहे, आणि दारात उभं राहिल्यावर तिची झळ तुम्हाला लागणार. मी भूगोल शिकवायचो, त्यामुळे या रकान्याची जगभरची तऱ्हा मला थोडीफार ठाऊक आहे. सोव्हिएत संघात राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व या निरनिराळ्या गोष्टी होत्या. नागरिक सगळे सोव्हिएत. पण पासपोर्टातल्या राष्ट्रीयत्वाच्या ओळीत रशियन, उझबेक, तातार, ज्यू असं लिहिलेलं. जनगणनेत मात्र माणूस तोंडाने सांगेल ते लिहायचं, कागद मागायचा नाही. मग राष्ट्रीयत्व आणि शहर-खेडं यांचे तक्ते छापायचे. १९८९ च्या त्या तक्त्यात लाटव्हियात लाटव्हियन ५२ टक्के होते, पण तिथल्या सातही मोठ्या शहरांत ते अल्पसंख्य. खेडी लाटव्हियनांची, शहरं बहुतांशी रशियन बोलणाऱ्यांची. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला. १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांना आपोआप नागरिकत्व मिळालं आणि शहरांतली लाखो माणसं ‘बिगरनागरिक’ ठरली. तसा वेगळा पासपोर्टच निघाला. तक्त्याने हे घडवलं असं मी म्हणत नाही. पण त्याच सोव्हिएत संघात १९३७ ची जनगणना राज्यकर्त्यांना आवडली नाही म्हणून रद्द केली गेली आणि ती करणाऱ्यांना तुरुंगात टाकलं, ही गोष्ट मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची.

आपल्याकडे कायद्याचं कवच आहे, ते लोकांना सांगा. कलम १५ प्रमाणे तुमच्याकडची नोंद कोणाला पाहायला मिळत नाही, आणि याच कायद्याखालचा खटला सोडला तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे दारात तोंडाने सांगायचं, छापील पत्रक हातात देऊन भागत नाही. यंदा जातही विचारायची आहे. ओट्यावर शेजारीपाजारी जमा झालेले असतील तर आत जा, पाणी मागा, तेवढ्यात बाकीचे पांगतात. आणि आधार कार्ड मागू नका. कागद पाहून लिहायची आपल्याला सवय असते, शाळेत दाखल्यावर नाव चढवतो तशी. इथे माणूस सांगेल ते.

स्वतःची माहिती स्वतःच ऑनलाइन भरायची सोय यंदा आहे. सुशिक्षित कॉलन्यांमध्ये तुमचं काम हलकं होईल. तिथे वाचलेला वेळ बागांमध्ये, खोल्यांमध्ये आणि सिंहस्थाच्या कामांवर घाला, ही माझी विनंती. ऑक्टोबर २०२६ अखेरीस ध्वजारोहण, ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये अमृतस्नानं. म्हणजे फेब्रुवारीत रस्ते, पूल, घाट यांची कामं भर जोरात. ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा मजूर हा कोणाच्याच गटाच्या नजरी नकाशात नसतो. घरयादी झाली तेव्हा ती शेडच तिथे नव्हती. तसंच रामकुंडावर, नाशिकरोड स्टेशनबाहेर, बसस्टँडच्या कट्ट्यावर झोपणारे. त्यांच्यासाठी महिन्याअखेरची एकच रात्र. २०११ ला देशभरात १७.७ लाख बेघर मोजले, आणि त्यातले आठ लाखांवर ग्रामीण भागात होते, हे मलाही तेव्हा अनपेक्षित वाटलं. रामकुंडावर दहा वाजता गेलात तर भाविक आणि बेघर वेगळे ओळखू येत नाहीत. बारानंतर जा.

बागेत मात्र सकाळी सातनंतर जाऊन उपयोग नाही. पहाटे चुली पेटतात तेव्हा जा, किंवा दिवेलागणीनंतर.

आता ती राहिलेली गोष्ट. २००१ च्या त्या फेरतपासणीला मी बांधावर गेलो ती ४ मार्चची संध्याकाळ होती. डांगच्या दोघींपैकी एक बाळंत झालेली, तिथेच, पालात. पोर दोन दिवसांचं. तिने विचारलं, ‘याचं नाव लिवलं का?’ मी सांगितलं, हा दोन तारखेचा, एक तारखेच्या आधीचा असता तर लिहिला असता. आता दहा वर्षांनी. तिला ते पटलं नाही. मुकादम हसला.

२०११ ला कोणीतरी त्याला मोजला असेल. २०२१ ची मोजणी झाली नाही. १ मार्च २०२७ च्या मध्यरात्री त्याला पंचवीस वर्षं पूर्ण झालेली असतील, सव्विसावं पुरं व्हायला एक दिवस कमी. तो पाड्यावर असेल, एखाद्या बागेत असेल, किंवा अंबडला कंपनीत लागला असेल. तुमच्यापैकी ज्याच्या गटात सापडेल त्याने लक्षात ठेवा: जन्मस्थळ विचारलं की तो सवयीने सुरगाणा सांगेल. त्याचा जन्म निफाड तालुक्यातला, ग्रामीण. आई जवळ असेल तर तिला विचारा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
नाशिक